डावीकडून आलेला माणूस

आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नाटकाचा एक पेपर आहे आणि त्या पेपरात ग्रीक रंगभूमीवर एक प्रकरण आहे. ते मी वीसेक वर्षं शिकवलं. फळ्यावर शब्द लिहायचे, कोरस, ऑर्केस्ट्रा, कथार्सिस. मुलांनी ते वहीत उतरवायचे, परीक्षेत त्यांच्यावर टिपा लिहायच्या आणि निकाल लागला की मुलांनी आणि मीही ते विसरून जायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग एका हिवाळ्यात मला हुक्की आली की हे शब्द नुसते लिहायचे नाहीत, करून पाहायचे.

आमच्या मानोरा गावाच्या बाहेर गिट्टीची एक खदान बंद पडून आहे. तिन्ही बाजूंना काळ्या दगडाची भिंत, मध्ये सपाट गोल जागा आणि चौथ्या बाजूला पायऱ्यांसारखे कापलेले दगड, बसायला अगदी सोयीचे. मी मुलांना तिथे नेलं आणि म्हणालो, ही गोल जागा म्हणजे ऑर्केस्ट्रा. वाजंत्री नव्हे, कोरसची नाचायची जागा. ग्रीकांना ती बहुधा धान्य मळायच्या जागेवरून सुचली असावी.

"म्हंजे खयंच म्हना न, सर!" मागून एक पोरगा ओरडला. "इतके दिवस काहून लपवून ठेवलं?"

खळं म्हटल्याबरोबर सगळ्यांना सगळं कळलं. मी आपला इतकी वर्षं फळ्यावर वर्तुळं काढत होतो.

गोलात उतरायला दोन वाटा होत्या, एक उजवीकडून, एक डावीकडून. ग्रीक नाट्यगृहातही अशाच दोन वाटा असत, त्यांना पारोडोस म्हणत. आम्ही ठरवून टाकलं की उजवीकडून येणारा माणूस गावातला आणि डावीकडून येणारा दूरचा. डावीकडून कुणी आलं की कोरसने सगळं सोडून त्याच्याकडे वळायचं, कारण तो बातमी घेऊन आलेला असतो. मुलांना हा नियम इतका आवडला की एकदा डाव्या वाटेने एक शेळी उतरली तर पंधराच्या पंधरा जण गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे वळले होते.

त्या खदानीची एक खोड होती. बोललेलं परत यायचं, त्यात नवल नाही. पण पंधरा जण एकदम एक वाक्य बोलले की पंधरा आवाज एकदम परत यायचे आणि मग, एक श्वास घेण्याइतक्या उशिराने, एकच आवाज यायचा. कधी बाईचा वाटायचा, कधी म्हाताऱ्याचा. कोपऱ्यात दगड खोल कापला आहे, तिथून आवाज फिरून येत असणार, असं मी मुलांना समजावलं. माझं मलाही ते पटलं होतं. तरी त्या कोपऱ्याकडे पाठ करून मी कधी बसलो नाही.

मुखवटे आम्हीच केले. रद्दी कागद भिजवून, मेथीचं पीठ घालून लगदा केला आणि एकाच मडक्यावर थापून सोळा चेहरे काढले. उघडी तोंडं, डोळ्यांच्या जागी भोकं. पंधरांना गेरू लावला. सोळाव्यापर्यंत गेरू संपला म्हणून तो पांढराच राहिला, आणि तो बातमी आणणाऱ्या संदेशवाहकाला दिला. कॉलेजच्या व्हरांड्यात ते वाळत घातले त्या दिवशी आमच्या शिपायाने केरसुणी माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"हे तोंडं माह्याकडे पाहून राह्यले, सर. तिथला झाडू तुमीच मारा."

मी हसलो. पण संध्याकाळी कुलूप लावताना मीही त्या सोळा चेहऱ्यांकडे न बघता लावलं, हे कबूल करतो.

मुखवट्याबद्दल माझे दोन हट्ट होते. एकदा घातला की मी टाळी वाजवेपर्यंत काढायचा नाही. आणि तालमीआधी सगळ्यांचे फोन एका पिशवीत. खदानीत रेंज नव्हतीच, तरी पोरं खिशातला फोन चाचपत राहायची. ती पिशवी मी डाव्या वाटेच्या वरच्या टोकाला बाभळीला टांगायचो. तिथे मात्र रेंज होती.

आता संदेशवाहकाबद्दल. ग्रीक नाटकात माणूस सहसा प्रेक्षकांसमोर मरत नाही. तो आत मरतो किंवा दूर कुठे मरतो आणि मग एक जण येऊन सांगतो की असं असं झालं. कुठे झालं, कसं झालं, तेव्हा मागे काय पडलेलं होतं, सगळं. मी हे वर्गात सांगितलं आणि विचारलं, आपल्याकडे कसं सांगतात?

"आपल्याकडे कोनी सांगतच नाई, सर," एक मुलगी म्हणाली. "सिरीयस हाये म्हनते, घरी चाला म्हनते."

वर्ग हसला. प्रत्येकाच्या घरात हे घडलेलं होतं. माझ्याही. मग मी त्यांना सांगितलं, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. मी अमरावतीला शिकत होतो. आमच्या गावचे एक काका खोलीवर आले आणि म्हणाले, "मायची तब्येत जराशी जास्त हाये, चाल." मी स्टँडवर आईसाठी संत्री घेतली. एसटीत काका माझ्या शेजारी शेंगा खात बसले होते, निम्म्या त्यांनी मला दिल्या आणि मी खाल्ल्या. कारंज्याला उतरून गावात पोचलो तर अंगणातली बाज भिंतीला उभी केलेली. आमच्याकडे बाज दिवसा तशी उभी करत नाहीत, घरात कुणी गेलं आणि अंगणात जागा करायची असली तरच करतात. मला तेव्हा कळलं. ती सकाळीच गेली होती. काकांना खोलीवर येतानाच माहीत होतं आणि ते शेंगा सोलत होते.

त्या काकांशी मी पुन्हा धड बोललो नाही. ते वारले तेव्हा तेरवीलाही गेलो नाही. वर्गात मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "माझ्यावर वेळ आली तर मी सरळ सांगेन. माणसाला त्याचं दुःख वेळेवर मिळायला हवं." वाक्य छान जमलं होतं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि मला बरं वाटलं.

तिसऱ्या बाकावर ती बसली होती. तांड्यावरची मुलगी, आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिमेकडे जायचे आणि ती होस्टेलवर राहायची. तांड्यात घरी फक्त तिचे आजोबा, त्यांना ती आबाजी म्हणायची. बोलायची कमी, पण आवाज असा की खदानीच्या शेवटच्या दगडापर्यंत स्पष्ट पोचायचा. म्हणून पांढरा मुखवटा तिला दिला.

आमचं नाटक आम्हीच रचलं होतं. एक गाव बाहेर गेलेल्या माणसांची वाट बघतं आणि एक जण डावीकडून बातमी घेऊन येतो. बस, एवढंच. संदेशवाहकाचं बोलणं तिनेच लिहायचं होतं. पहिल्यांदा तिने तीन शब्द आणले, "तो नाई राह्यला."

"एवढ्यात नाटक होत नाही," मी म्हणालो. "कुठे, कसं, काय काय पडलेलं होतं?"

"सर, मानसं बाहीर गेलेले राह्यते तवा आमच्याइकडे असं तोंडातून काढत नाई. बोललं की होते."

"हे नाटक आहे."

"हो सर. पन तोंड तं माहंच हाये न."

तेव्हा मी चिडलो. ही अंधश्रद्धा, हे तुमचं मागासलेपण, असलं बरंच काही बोललो आणि वर म्हणालो, उद्यापर्यंत दहा ओळी पाहिजेत, नाहीतर मुखवटा दुसऱ्या कुणाला देतो. तिला तो मुखवटा हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी पुढे उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने दहा ओळी आणल्या.

त्या ओळी मी इथे पूर्ण लिहिणार नाही, माझ्याकडून लिहवत नाहीत. कालवा भरून वाहत होता. उसाची ट्रॉली काठाकाठाने चालली होती. माती खचली. एक माणूस खाली होता. शेवट असा होता: "लोकायनं हाका मारल्या. कोनी ओ देल्ली नाई. एक चप्पल तेवढी काठावर होती. तिचं तोंड घराकडे होतं."

कोरसने शेवटचे शब्द परत म्हणायचे असं ठरलं होतं. पंधरा गेरूचे मुखवटे म्हणाले, "तिचं तोंड घराकडे होतं." खदान म्हणाली, घराकडे होतं. आणि मग कोपऱ्यातून, उशिरा, एक आवाज म्हणाला, होतं.

माझ्या अंगावर काटा आला आणि मी टाळ्या वाजवल्या. इतकं नेमकं सुचलं कसं म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबाची चप्पल नवी हाये. जायच्या आधी कारंज्याच्या बाजारातून मीच पसंत करून देल्ली. म्हनून आठवली." नेमका तपशील कसा शोधावा याचं उदाहरण म्हणून मी ते बाकीच्यांना सांगितलं.

त्यानंतर आठवडाभर रोज ती ते बोलत होती. रोज सकाळी अकरा-साडेअकराला, कारण तेव्हा ऊन सरळ गोलात पडायचं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं त्या दिवशीही ऊन तसंच पडलं होतं. शेजारच्या शेतात तूर कापून झाली होती, वारा नव्हता. ती बोलायला लागली आणि पहिल्याच ओळीला कुठूनतरी घूंऽऽ असा आवाज यायला लागला. खदानीत बारीक आवाजही मोठा होतो. पिशवीतला एक फोन थरथरत होता. थांबला. ती ट्रॉलीच्या ओळीपर्यंत आली, पुन्हा घूंऽऽ. मी दात खाल्ले, पण तिला थांबवलं नाही. माती खचली त्या ओळीला तिसऱ्यांदा. तिने शेवट केला, कोरसने परत म्हटलं, खदानीने म्हटलं, आणि त्या उशिराच्या आवाजाची वाट बघत आम्ही उभे होतो तेव्हा चौथ्यांदा वाजला.

"कुणीही मुखवटा काढायचा नाही," मी ओरडलो आणि फणफणत डाव्या वाटेने वर चढलो. ज्याचा फोन असेल त्याच्या घरच्यांना मी आज चार गोष्टी सुनावणार होतो. पिशवीत हात घातला, थरथरणारा फोन काढला. पडद्यावर लिहिलं होतं, बाबा.

नावामागे तिचा फोटो होता, आई-वडिलांच्या मधे बसलेली. मी फोन उचलला.

वडिलांचा आवाज नव्हता. ऊसतोडीची टोळी घेऊन जाणारा मुकादम बोलत होता, त्यांच्या फोनवरून. मी तिचा सर आहे म्हटल्यावर त्याचा श्वास सुटल्याचा आवाज आला. मग तो भराभर बोलला. सकाळी ट्रॉली कालव्यात गेली. तिचे वडील खाली दबून जागीच गेले. आता काढलं बाहेर, दवाखान्यात नेलं आहे, त्यांना घेऊन गाडी संध्याकाळी निघेल. आई सोबत आहे.

"चप्पल तेवढी वर राह्यली, सर. काठावर होती," तो म्हणाला. हे त्याने का सांगितलं कुणास ठाऊक. "पोरीले सांगू नका सध्या. सिरीयस हाये म्हना. तांड्यावर नेऊन सोडा तिले."

फोन बंद झाला. मला भीती वाटली, ही सरळ गोष्ट आधी सांगतो. दुःख नंतर आलं. कालवे, ट्रॉल्या, खचलेले काठ, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून तिला सुचलं. असे अपघात होतातच. एवढं मी मनाशी जुळवलं. चपलेपाशी येऊन ते जुळणं थांबायचं. तिने नको म्हटलं होतं. मी तिच्या तोंडातून ते काढून घेतलं होतं, आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या. चूक दाखवायला ग्रीक नाटकात हमार्टिया म्हणून एक शब्द आहे, मी त्यावर पाच मार्कांची टीप देत असे.

उतरताना मी वाक्य ठरवलं. तुझे वडील गेले. आज सकाळी. एवढंच म्हणायचं, तिचा हात धरायचा आणि मग बाकीचं. वाट जेमतेम चाळीस पावलांची. विसाव्या पावलापर्यंत ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मग मी मान वर केली.

मी डावीकडून येत होतो. पंधरा मुखवटे माझ्याकडे वळले होते. कुणी ठरवून केलं नव्हतं, आठवडाभराची सवय होती ती. त्या उघड्या तोंडांमागे कोण कोण आहे हे मला ओळखता येईना. आणि मधोमध पांढरा चेहरा.

"तुझ्या वडिलांची तब्येत जराशी जास्त आहे," मी म्हणालो. "चल, घरी जाऊ."

शब्द न् शब्द काकांचे. ‘जराशी’सुद्धा.

पांढरा मुखवटा हलला नाही. त्याच्या आतून तिचा आवाज आला, रोजच्यासारखा स्पष्ट.

"चपलेचं तोंड कोनीकडे होतं, सर?"

आणि कोरस म्हणाला, "चपलेचं तोंड कोनीकडे होतं?"

त्यांची काय चूक? मी डावीकडून आलो होतो, तिने प्रश्न विचारला होता. त्यांना वाटलं सरांनी आज प्रसंग वाढवला. पंधरा जणांनी मनापासून म्हटलं. खदानीने म्हटलं. मी घाबरून गेलो होतो आणि घाबरलेला माणूस विचारलं त्याचं उत्तर देतो.

"ते मी विचारलं नाही," मी म्हणालो.

म्हटलं आणि कळलं की मी सांगून टाकलं आहे. कोरसमधल्या दोघा-तिघांनी "विचारलं नाही" असं सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. फक्त कोपऱ्यातून, उशिरा, तो आवाज आला, नाही.

मी टाळी वाजवली नव्हती. तिने आपल्या हाताने मुखवटा काढला, दगडावर पालथा ठेवला आणि माझ्याआधी वाट चढायला लागली. तिचा चेहरा कोरडा होता.

तांड्याकडे जाताना गाडीत ती पुढे बसली होती. गाव मागे पडलं. मग म्हणाली, "आता सांगा. कुठं, कसं, काय काय पडेल होतं. तुमीच म्हनलं होतं न."

मी सांगितलं. मला माहीत होतं तेवढं सगळं, मुकादमाच्याच शब्दांत. गाडी चालवत सांगितलं, त्यामुळे तिच्याकडे बघावं लागलं नाही. माझं झाल्यावर मी म्हणालो, "मी तुला ते लिहायला लावायला नको होतं. मला माफ कर." ती म्हणाली, "समोर खड्डा हाये, सर." खरंच होता.

तांड्यावर तिचं घर शेवटून दुसरं. आबाजी अंगणात बाजेवर बसले होते, डोळ्यांनी अधू, हातात काठी. आमच्या मागोमाग शेजारच्या बाया जमल्या, डोक्यावरून पदर ओढून अर्धगोलात उभ्या राहिल्या. ती आबाजींच्या पायाशी बसली.

"बाबाची तब्येत जास्त हाये, आबाजी," ती म्हणाली. "घेऊन येऊन राह्यले त्याले."

मी तिच्याकडे बघितलं. तासाभरापूर्वी माझ्याकडून सगळं खरं वदवून घेतलेली हीच मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

म्हाताऱ्याने चेहरा माझ्या बाजूला वळवला. "तुमी सर व्हय न? पोरगी लहान हाये. तुमी सांगा. किती जास्त हाये?"

वर्गात मूठ आपटली होती ती हीच वेळ. मला सरळ बोलायचं होतं. पण त्या म्हाताऱ्याचे हात काठीवर असे आवळलेले होते की जणू काठीच कुणी ओढून नेत आहे. रात्रभर त्याला थांबायचं होतं. त्या रात्रीसाठी त्याला काहीतरी धरायला लागणार होतं, आणि ते देणारा तिथे मीच होतो. एसटीतल्या त्या शेंगा मला आठवल्या. सोलताना काकांनी एकदाही मान वर केली नव्हती हेही आठवलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"जास्त आहे, बाबा," मी म्हणालो.

मागे उभ्या बायांनी तेच त्यांच्या बोलीत एकमेकींना सांगितलं. एकीकडून दुसरीकडे, हळू, ते शब्द अंगणभर फिरले आणि थांबले. मग घराच्या आतून, जिथे कुणी नव्हतं, उशिरा, तोच शब्द, जास्त, एकदा आला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही ऐकला होता.

आबाजींनी मान हलवली. काठी भिंतीला टेकवली, चाचपडत उठले आणि ज्या बाजेवर बसले होते तिच्या कडेला हात घातला. एकट्याला ती उचलवत नव्हती. दिवस अजून बराच होता, अंगणात ऊन होतं. त्यांना ती भिंतीला उभी करायची होती.

मी दुसरं टोक धरलं.